पीसी कुणी जोडला

सायलीला बघायला शेखर आणि त्याचे आईवडील घोटीला आले, तेव्हा रिवाजाप्रमाणे दोघांना थोडा वेळ बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं. याआधी आलेल्या मुलांनी आवडीनिवडी विचारल्या की सायली वाचन, स्वयंपाक, फिरणं असं काहीतरी सांगून सुटायची. त्या दिवशी तिला त्याचा कंटाळा आला होता.

"मी गेम खेळते," ती म्हणाली. "मोबाइलवरचे नाही, कॉम्प्युटरवरचे. कॉलेजात असल्यापासून. लग्नानंतरही खेळणार आहे."

शेखर हसला नाही. त्यानं विचारलं, "कोणत्या मशीनवर?"

"त्याचंच तर रडगाणं आहे. जुना लॅपटॉप आहे. गेम सुरू केला की त्याचा पंखा असा ओरडतो, की माझी रूममेट म्हणते, तुझ्या बाबांची गिरणी चालू झाली."

"मग एक चांगला पीसी बनवू," शेखर म्हणाला. "आपल्या घरात."

'आपल्या' हा शब्द त्यानं इतक्या सहज वापरला, की पाहुणे गेल्यावर आईनं विचारायच्या आधीच सायली 'चालेल' म्हणून गेली.

सायली सव्वीस वर्षांची. नाशिकला अंबडच्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल पॅनेलची डिझाइनं करायची. लोखंडी कपाटात कोणता स्विच कुठे बसवायचा, वायर कुठून न्यायच्या, आतली गरम हवा कुठून बाहेर काढायची, हे तिचं रोजचं काम. इंदिरानगरला शुभांगी नावाच्या मैत्रिणीबरोबर ती भाड्याच्या घरात राहायची आणि सुट्टीला घोटीला यायची. तिच्या वडिलांची, वाल्मीकरावांची, घोटीत भाताची गिरणी होती. शेखर नाशिकचाच, सिडकोत वाढलेला. एका खासगी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी मोबाइल-लॅपटॉपची माहिती देणारे मराठी व्हिडिओ करून आपल्या चॅनलवर टाकायचा. चॅनल फार मोठं नव्हतं, पण त्याला बोलायची हातोटी होती. आवाज भरदार होता. अवघड गोष्ट तो अशी सांगायचा, की ऐकणाऱ्याला ती आपल्याला आधीपासून माहीत होती असं वाटावं.

साखरपुडा झाला. लग्न दिवाळीनंतर ठरलं. पाथर्डी फाट्याला शेखरनं घेतलेल्या फ्लॅटचा ताबा मिळाला आणि त्या रिकाम्या घरात पहिली वस्तू येणार होती ती पीसी. तो सायली तिच्या पगारातून घेणार होती. फ्रिज, कपाट, पलंग हे सगळं मोठी माणसं ठरवणार होती. ही एक गोष्ट तिची होती.

"तू निवड," शेखर म्हणाला होता. "मला बाहेरचं बोलता येतं. आतलं तुला कळतं."

हे वाक्य तिनं शुभांगीला कितीदा ऐकवलं असेल. शुभांगी म्हणायची, "हो गं बाई, कळलं. सगळ्यांत वेगळा मुलगा मिळालाय तुला."

निवडण्यात पावसाळा गेला. ऑफिस सुटलं की दोघं कुठेतरी चहाला बसायचे आणि सायली मोबाइलवर एकेक भाग उघडून त्याला समजावून सांगायची. गेमसाठी जास्तीत जास्त ताकद ग्राफिक्स कार्डात हवी. प्रोसेसर मधला चालेल. शेखरला सगळ्यांत महागडा प्रोसेसर हवा होता, कारण त्याचं नाव लोकांना माहीत असतं. "नाव काय करायचंय?" सायली म्हणायची. "बैल एक तगडा आणि एक मरतुकडा जुंपला तर गाडी मरतुकड्याच्याच चालीनं चालते. दोघं जोडीचे हवेत." वीज पुरवणाऱ्या डब्यावर, दुकानदार ज्याला एसएमपीएस म्हणतात त्यावर, मात्र तिनं काटकसर करू दिली नाही. व्होल्टेज कमी-जास्त झाल्यानं वडिलांच्या गिरणीची मोटर जळालेली तिनं लहानपणी पाहिली होती.

मोठा वाद झाला तो कॅबिनेटवरून. शेखरला समोरून काच असलेलं, आत रंगीत दिव्यांचं कॅबिनेट हवं होतं. कॅमेऱ्यात ते उठून दिसतं. सायलीला समोर जाळी हवी होती.

"काच लावली तर हवा आत कुठून जाणार?" ती म्हणाली. "दारं-खिडक्या बंद करून खोलीत पंखा लावल्यासारखं होईल ते. पंखा फिरतोय, पण आतली गरम हवाच गरगर फिरवतोय."

शेखर तिच्याकडे बघत राहिला. "भारी बोलतेस," तो म्हणाला. "हे लोकांना कळेल असं आहे." आणि जाळीचं कॅबिनेट ठरलं.

एम. जी. रोडवरच्या दुकानांतून काही भाग आणले, काही ऑनलाइन मागवले. शेवटचा खोका आला तेव्हा शेखरनं विचारलं, जोडणीचा व्हिडिओ करूया का? आपल्या दोघांचा पहिला व्हिडिओ. सायलीला आवडलंच ते.

रविवारी सकाळी ती फ्लॅटवर पोहोचली, तर शेखरनं हॉलमध्ये टेबल मांडून दोन दिवे आणि कॅमेरा लावून ठेवला होता. त्यानं तिच्या हातात काळ्या हातमोज्यांची जोडी दिली.

"हे कशाला?"

"स्टॅटिकसाठी. भागांना करंट बसू नये म्हणून."

"अरे, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावला की काम भागतं. आणि हातमोज्यांत स्क्रू धरता येत नाही."

"लोकांना आवडतं गं. प्रोफेशनल वाटतं. आणि फ्रेम जवळची ठेवतोय, फक्त हात. चेहरे नंतर घेऊ, दोघांचे एकत्र."

तिनं हातमोजे घातले. ते तिला थोडे मोठे होत होते.

पुढचे काही तास सायली आजूबाजूचं सगळं विसरली. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर आडवा ठेवून तिनं प्रोसेसरच्या कोपऱ्यातली खूण जुळवली आणि तो अलगद ठेवला. त्याला धरून ठेवणारी दांडी खाली दाबताना करकर आवाज आला तसा शेखर दचकला. "तुटलं का?" "नाही, असाच आवाज येतो." मग थर्मल पेस्ट. कूलर आणि प्रोसेसर यांच्यामधलं ते राखाडी मलम किती लावायचं, असं शेखरनं कॅमेऱ्यामागून विचारलं.

"भाताच्या दाण्याएवढं. पण इंद्रायणीच्या, बासमतीच्या नाही," सायली म्हणाली आणि स्वतःच हसली.

रॅम दोन्ही बाजूंनी टक आवाज येईपर्यंत दाबली. बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला. समोरच्या बटणाच्या बारीक वायरी, ज्यांना सगळे कंटाळतात, त्या तिनं पॅनेलमध्ये लावतात तशा एका रांगेत नेल्या आणि मागून पट्टीनं बांधल्या. शेवटी ग्राफिक्स कार्ड. ते तिनं दोन्ही हातांनी धरून बसवलं तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. शेखर चित्रण करत होता, मधूनमधून पाणी देत होता. त्यानं केलेलं काम एवढंच, की सगळं झाल्यावर मॉनिटरची केबल मागे लावली.

बटण दाबलं. पंखे फिरले. स्क्रीन काळीच राहिली.

"गेलं," शेखर म्हणाला. त्याचा चेहरा पडला. "तू ते करकर केलंस ना, तेव्हाच गेलं."

 पण तिनं टॉर्च घेऊन मागची बाजू पाहिली आणि तिला हसू आलं. शेखरनं केबल ग्राफिक्स कार्डात न लावता वर मदरबोर्डच्या भोकात लावली होती. तिनं ती काढून खाली लावली. स्क्रीन उजळली. दोघांनी टाळी दिली. शेखरनं तिला उचलून गोल फिरवलं. त्या रिकाम्या हॉलमध्ये तिचं हसणं घुमलं. आपलं लग्न आजच झालं, असं तिला त्या क्षणी वाटलं. तसं तिनं शुभांगीला सांगितलंही.

निघण्याआधी शेखर म्हणाला, "सुरुवातीला टाकायला एक गमतीचा तुकडा घेऊ. तू डोळे झाकून दारातून आत ये, मी मशीन दाखवतो, तू 'अय्या' म्हण."

"अय्या कोण म्हणतं आता?"

"म्हण गं. मजा."

तिनं डोळे झाकले, आत आली, 'अय्या' म्हटलं आणि हसून वाकली. एका झटक्यात झालं. दोघांचे चेहरे एकत्र घ्यायचे मात्र राहून गेले. उजेड गेला, शेखर म्हणाला.

पुढच्या आठवड्यात सायली कँटीनमध्ये डबा खात असताना घोटीहून आईचा फोन आला. आईच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "अगं, बोलली नाहीस ती! शेखररावांनी तुला एवढं मोठं सरप्राइज दिलं! तुझ्या मावशीनं पाठवला व्हिडिओ. गल्लीतल्या सगळ्यांनी बघितला. नशीब काढलंस बाई."

"कसलं सरप्राइज?" सायलीनं विचारलं. आईला वाटलं ती लाजते आहे.

तिनं व्हिडिओ उघडला. नाव होतं, 'होणाऱ्या बायकोसाठी स्वतः बनवला गेमिंग पीसी'. सुरुवातीला शेखर कॅमेऱ्याकडे बघून बोलत होता. सायलीला गेमची आवड आहे, पण कॉम्प्युटरमधलं तिला काही कळत नाही, म्हणून आपण गुपचूप एकेक भाग निवडला, असं तो सांगत होता. मग हात दिसले. काळ्या हातमोज्यांतले तिचे हात. त्यांवर शेखरचा आवाज. "आता मी प्रोसेसर बसवतोय." "आता मी पेस्ट लावतोय. मित्रांनो, किती? इंद्रायणीच्या दाण्याएवढी, बासमतीच्या नाही." कॅबिनेट आलं तेव्हा तो म्हणाला, दारं-खिडक्या बंद करून खोलीत पंखा लावल्यासारखं होतं ते. बैलांच्या जोडीचंही त्यानं सांगितलं, तिच्याहून छान सांगितलं. मधे तो स्वतः दिसला, टेबलाशी बसलेला, तेच हातमोजे हातातून काढत, कपाळ पुसत.

सायली थोडी हसत बघत होती. तिला वाटलं, ही सगळी थट्टा आहे. शेवटी तो सांगेल, फसलात ना, हे हात कुणाचे ते बघा. ती त्या शेवटाची वाट बघत राहिली.

शेवटाकडे स्क्रीन काळी पडल्याचा प्रसंग आला. शेखर हसत म्हणाला, "आणि इथे आमच्या मॅडम एक्साइट झाल्या! म्हणाल्या, निदान केबल तरी मी लावते. आणि कुठे लावली, बघा." केबल चुकीच्या जागी दिसली, मग तिचा हात ती काढून बरोबर लावताना. "पण आपण आहोत ना," शेखरचा आवाज म्हणाला. त्यानंतर दारातून येणारी, डोळे झाकलेली सायली. अय्या. संपलं.

तिनं डब्याचं झाकण लावलं.  खाली लोकांनी लिहिलं होतं, वहिनी लकी आहेत. असा नवरा सगळ्यांना मिळो. भाऊ, वहिनींना केबल लावू देऊ नका. सायलीनं लिहिलं, 'हा पीसी मी निवडला आणि मी जोडला. केबल शेखरनं चुकवली. सायली.' खाली लगेच हसणारे चेहरे उमटले. कुणीतरी लिहिलं, वहिनींचा विनोद जबरदस्त. संध्याकाळी तिनं पाहिलं तर तिनं लिहिलेलं तिथे नव्हतं. ते फक्त एकाच माणसाला काढता येत होतं.

शनिवारी दुपारी ती फ्लॅटवर गेली. शेखर पीसीसमोर बसून पुढच्या व्हिडिओचं काम करत होता. तिला बघून तो उठला, आनंदानं. त्याला खरंच वाटत होतं की ती खूश असेल.

"बघितलंस का? माझ्या कुठल्याच व्हिडिओला एवढे लोक आले नव्हते. एका कॅबिनेटवाल्या कंपनीचा मेल आलाय."

"माझी कमेंट काढलीस तू."

"अगं, लोक गोंधळले असते."

"कशानं गोंधळले असते?"

शेखरनं खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती बसली नाही.

"हे बघ, चॅनलचा चेहरा मी आहे," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "टेकचं चॅनल चालवणाऱ्या माणसाचा पीसी त्याची होणारी बायको बनवते, म्हटल्यावर लोक मला काय म्हणतील? आणि प्रेमाचा अँगल चालतो. यात तुझं वाईट कुठे दिसलंय? सगळे तुला लकी म्हणतायत."

"मला काही कळत नाही असं सांगितलंस तू. तुझी चूक माझ्या नावावर घातलीस."

"ती गंमत होती."

"आणि मी जे जे बोलले ते सगळं तू बोललास. माझ्या शब्दांत."

"लग्नानंतर तुझं-माझं काय असतं, सायली?"

 मग तिनं जे विचारायला आली होती ते विचारलं. "हातमोजे घालायला सांगितलेस, तेव्हाच ठरलं होतं का तुझं?"

 शेखरनं चष्मा काढून पुसला. "नक्की असं नव्हतं," तो म्हणाला. "दोन्ही मार्ग मोकळे ठेवले होते."

सायलीला रविवारचा तो सगळा दिवस डोळ्यांपुढे आला. तो पाणी देत होता, कौतुक करत होता, तिला उचलून फिरवत होता. आणि त्या सगळ्या वेळात त्याच्या डोक्यात दुसरा मार्ग मोकळा होता. गच्चीवर त्यानं विचारलेला पहिला प्रश्नसुद्धा तिला आता खरा वाटेना. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

तिचा चेहरा बघून शेखरनं तिचा हात धरला. त्याचे डोळे भरून आले होते. "चुकलं असेल माझं. पण आता जाहीर सांगितलं तर मी खोटा ठरेन. त्यापेक्षा माझ्याकडे एक आयडिया आहे. पुढच्या व्हिडिओत मी तुला पीसी जोडायला शिकवतो. एकेक भाग सांगत जाईन, तू लावत जा. मग हळूहळू लोकांना वाटेल, की तूही तयार झालीस. तुझाही चेहरा येईल, नाव येईल."

सायलीनं हात सोडवून घेतला. तिनं मशीन बंद केलं, मागची पिन काढली, बटण दाबून आतली उरलीसुरली वीज जाऊ दिली आणि पर्समधला स्क्रू ड्रायव्हर काढला. तो ती घेऊन का आली होती, हे तिला फ्लॅटमध्ये शिरताना माहीत नव्हतं.

"काय करतेस?"

 कॅबिनेटचं बाजूचं झाकण उतरवून तिनं भिंतीला टेकवलं. ग्राफिक्स कार्डाची खिटी दाबून ते वर उचललं. रिकामे खोके शेखरनं पुढच्या व्हिडिओत मागे मांडायला म्हणून रचून ठेवले होते. तिनं ते एकेक करून घेतले. प्रत्येक भाग त्याच्या पिशवीत, पिशवी त्याच्या खोक्यात. शेखर आधी रागावला, मग विनवण्या केल्या, मग गॅलरीत जाऊन आईला फोन लावला आणि परत येऊन फोन सायलीच्या कानाला धरला.

"अगं सायली," त्याची आई म्हणत होती, "नवरा चारचौघांत बायकोचं कौतुक करतो, यात रुसण्यासारखं काय आहे?"

"कौतुक त्यानं स्वतःचं केलंय, काकू," सायली म्हणाली आणि मान बाजूला घेतली.

तिनं वडिलांना फोन केला. कारण विचारू नका, फक्त गाडी घेऊन या, असं म्हणाली. वाल्मीकराव गिरणीची पिकअप घेऊन आले, तोवर ती खोके दारात रचून खाली पायरीवर बसली होती. वर गॅलरीत शेखर उभा होता. तो खाली आला नाही. वडिलांनी वर बघितलं, मुलीकडे बघितलं आणि मुकाट्यानं खोके चढवले.

वाटेतलं विल्होळी गाव मागे पडलं. मग सायलीनं सगळं सांगितलं. कॉम्प्युटरमधलं वडिलांना समजेल की नाही, आणि समजलं तरी एवढंसं वाटेल, याची तिला भीती होती.

वाल्मीकरावांनी गाडी बाजूला घेतली. "तुझ्या आईनं दाखवला व्हता मला तो व्हिडिओ," ते म्हणाले. "मला त्यातलं काय कळंना. पण त्यो इंद्रायणीच्या दाण्याचं बोलला ना, तवाच मला वाटलं, हे बोलणं आपल्या घरचं हाय. सिडकोतलं पोरगं कशाला इंद्रायणी न् बासमती सांगंल?"

सायली तेव्हा पहिल्यांदा रडली.

घरी आई मात्र हादरली. पत्रिका छापायला गेल्या होत्या. "लोकांना कारण काय सांगायचं?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. "मारलं का त्यानं? पितो का? दुसरी बाई आहे का? व्हिडिओत खोटं बोलला, हे काय कारण आहे का गं लग्न मोडायचं?"  जे झालं ते वाक्यात सांगायला गेलं की खरंच लहान व्हायचं. तिला स्वतःलाही कधीकधी ते लहान वाटायचं.

शेवटी दोन्हीकडची मोठी माणसं घोटीला बसली. सायली म्हणाली, मला माफी नको, व्हिडिओ काढायलाही नको. शेखरनं फक्त इथे, सगळ्यांसमोर सांगावं की पीसी कुणी जोडला. मग मी लग्नाला तयार आहे.

 वाल्मीकराव म्हणाले, "सांगा शेखरराव. घरचीच माणसं हायत."

शेखरनं आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं. तिथे कॅमेरा नव्हता, चॅनलचं कुणी नव्हतं. सायली त्याच्याकडे बघत होती आणि मनातून त्याला अजून संधी देत होती. त्यानं खरं सांगितलं असतं तर तिनं सगळं गिळलं असतं, ही गोष्ट तिनं पुढे फक्त शुभांगीला सांगितली.

"दोघांनी मिळून जोडला," शेखर म्हणाला. नजर सतरंजीवर होती.

खोलीतल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. शेखरची आई म्हणाली, "घ्या! तो तर तिलाही श्रेय देतोय. मिटलं." सायलीच्या आईनं डोळे पुसले आणि चहा टाकायला उठली.

"नाही," सायली म्हणाली.

"अगं, आता काय राहिलं?"

"त्याला माहीत आहे काय राहिलं."

शेखरनं मान वर केली नाही.  मग वाल्मीकराव हात जोडून उठले. "पोरगी नाय म्हणती," ते म्हणाले. "माझंबी नायच समजा."

लग्न मोडलं. घोटीत त्याचं कारण असं पसरलं, की वाल्मीकची मुलगी दिवसभर गेम खेळते, सासरच्यांना ते चाललं नाही. हे खोटं कुणी मुद्दाम सुरू केलं असं नव्हतं. खऱ्यापेक्षा ते सांगायला सोपं होतं. आई बरेच दिवस सायलीशी कामापुरतंच बोलायची. शेखरनं व्हिडिओ काढला नाही. त्यातून सायलीचा चेहरा आणि 'होणारी बायको' हे शब्द तेवढे कापले, नाव बदलून नुसतं 'गेमिंग पीसी कसा बनवावा' असं ठेवलं. बाकी सगळं तसंच राहिलं.

सायलीनं इंदिरानगरच्या खोलीत मशीन पुन्हा जोडलं. शुभांगी शेजारी बसून बघत होती. पहिल्याच दमात चालू झालं. शुभांगीनं टाळ्या वाजवल्या. सायलीनं गेम उतरवून घेतला, सुरू केला, थोडा वेळ खेळली. मशीन उत्तम होतं. आवाज नाही, अडखळणं नाही. तिनं ते बंद केलं. त्यानंतर बरेच दिवस शुभांगीच त्यावर सिनेमे बघायची.

हिवाळ्यात एकदा ऑफिसात तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा भारत मोबाइल घेऊन तिच्याकडे आला. तो नुकताच कंपनीत लागला होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"मॅडम, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं असं ऐकलं. मला पीसी बनवायचाय. हा एक नाशिकचाच माणूस आहे, काय सुंदर समजावलंय त्यानं! जरा बघून सांगता का, यानं सांगितलेलं बरोबर आहे का?"

सायलीनं मोबाइल हातात घेतला. आवाज लहान करून तिनं तो शेवटपर्यंत बघितला. भारत उत्सुकतेनं तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा होता.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "सगळं बरोबर आहे. असाच घ्या."

"हुशार आहे ना माणूस?"

सायलीनं मोबाइल त्याला परत दिला. "प्रोसेसरचं नवं मॉडेल आलंय आता," ती म्हणाली. "ते तेवढं बघून घ्या." आणि तिनं समोरच्या पॅनेलचं ड्रॉइंग पुन्हा उघडलं.